नाद विझेपर्यंत

१

पहिल्या दिवशी शेपूट तीन सेकंदांची भरली. छोटीनं वहीत तसं लिहिलं, पुढे 'ठीक' असा शेरा मारला आणि काचेपलीकडच्या तिघांना हात वर करून दाखवला. म्हणजे आता श्वास घ्या, खाजवा, शिंका, काय हवं ते करा.

शेपूट हा त्यांचा आपसातला शब्द. तुकडा संपतो, गज तारेवरून उचलला जातो, बोटं पट्ट्यांवरून निघतात, तरी आवाज खोलीत थोडा वेळ रेंगाळतो आणि मग विझतो. ते रेंगाळणं म्हणजे शेपूट. बाकीचे रेकॉर्डिस्ट ती सरळ छाटतात आणि यंत्रातली तयार शेपूट चिकटवतात, हवी तेवढी लांब, हवी तेवढी गुबगुबीत. छोटीला ते ऐकूनच तिडीक येई.

"तीनशे वर्षांपूर्वीच्या बनावटीची वाद्यं आणायची," ती म्हणे, "आतड्याच्या तारा लावायच्या, दर वीस मिनिटांनी त्या उतरल्या की पुन्हा पिळत बसायचं, आणि एवढं करून शेवटी खोटा घुमारा डकवायचा? मग प्लास्टिकचीच वाजवा ना!"

म्हणून तिचा नियम होता. शेवटचा सूर वाजला की नाद पुरता विझेपर्यंत कोणी हलायचं नाही. बूट नाही, बाही नाही, आवंढासुद्धा नाही. छोटी सव्वीस वर्षांची होती आणि नियमांच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

हॉल तिनंच शोधला होता. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजचा वरचा मजला. लाकडी जमीन, उंच छत, पिवळट गिलावा, एका बाजूला पाच उंच खिडक्या. एकेकाळी इथे ओळीनं बसून बायका लोकांचे फोन जोडून देत. त्यांच्या खुर्च्यांच्या पायांनी जमिनीत खळगे पाडले होते. कोपऱ्यात देखरेख करणाऱ्या साहेबाची काचेची केबिन होती. तिथे छोटीनं आपली यंत्रं मांडली. शेजारचा छापखाना सकाळी चाले, म्हणून सकाळ वाद्यं जुळवण्यात जाई आणि रेकॉर्डिंग दुपारी.

वाजवणारे तिघे. दादा, तिचा सख्खा मोठा भाऊ, व्हायोलिनवर. वहिनी हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पट्ट्यांच्या तंतुवाद्यावर. आणि काका गांबावर. गांबा म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं सात तारांचं वाद्य. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र, आणि वडील गेल्यावर या दोघा भावंडांवर वडीलकीचा हक्क गाजवणारा एकुलता एक माणूस.

घाईचं खरं कारण कोणी बोलून दाखवत नसे. दादाची डाव्या हाताची करंगळी दोन वर्षांपासून मरत चालली होती. आधी मुंग्या, मग बधिरपणा. आता ती तारेवर पडे, पण थरारत नसे. दोन सुरांमध्ये भराभर थरथरायची ती हरकत, जिला ही मंडळी ट्रिल म्हणत, दादा आता दुसऱ्या बोटांनी कशीबशी भागवून नेई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिना-दोन महिन्यांत शेजारचं बोटही जाईल. म्हणजे जे काही वाजवायचं ते याच महिन्यात, याच हॉलमध्ये. त्यानंतर दादाचा आवाज फक्त छोटीच्या यंत्रात उरणार होता.

२

तिसऱ्या दिवशी शेपूट साडेपाच सेकंदांची भरली.

छोटीनं ती पुन्हा मोजली. साडेपाचच. तिनं हवेला दोष दिला. काल कोरडं होतं, आज ओल आहे, ओलसर हवेत आवाज जास्त टिकतो. चौथ्या दिवशी पुन्हा कोरडं झालं आणि शेपूट नऊ सेकंदांची झाली.

ती हॉलच्या मधोमध गेली आणि टाळी वाजवली. टाळी बरोबर तीन सेकंदांत मेली. पुन्हा वाजवली. तीन.

"काय गं, डास?" काकांनी विचारलं.

"हॉल तपासतेय."

"तो आपल्याला तपासत नाही ना, तेवढं बघ म्हणजे झालं."

दादा मात्र खुशीत होता. गजाला राळ घासत तो म्हणाला, "खोली तापायला लागलीय. नव्या वाद्यासारखी. चार दिवस वाजवलं की लाकूड उघडतं, तशी भिंत उघडली असेल."

"भिंत उघडते?" वहिनी हार्पसिकॉर्डमागून म्हणाली. "मला एक सांग, अरे. मी बोट उचललं की काय होतं? कापडाचा तुकडा तारेवर बसतो आणि तार मुकी होते. होते की नाही? तुझ्या तारा थांबलेल्या, काकांच्या थांबलेल्या, माझ्या मुक्या. मग नऊ सेकंद वाजत काय होतं?"

"घुमारा."

"टाळीचा तीन सेकंद, आणि आपला नऊ?"

"तू बायको आहेस की सरकारी वकील?"

काका हसले. वहिनी हसली नाही. तिनं हार्पसिकॉर्डचं झाकण हळूच मिटलं. आत काहीतरी झोपलेलं असावं अशा बेतानं.

३

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली डबे उघडून बसले, तेव्हा छोटी केबिनमध्ये थांबली. हेडफोन घातले, आवाज चढवला आणि एकेक शेपूट काढून ऐकू लागली.

आवाज कसा मरतो हे तिला पाठ होतं. आधी त्याची धार जाते, मग अंग जातं, शेवटी नुसती ऊब उरते आणि तीही निघून जाते. पहिल्या दोन दिवसांच्या शेपट्या अशाच मेल्या होत्या. अगदी शहाण्यासारख्या.

तिसऱ्या दिवसापासूनच्या वेगळ्या होत्या. त्यांची धार जात नव्हती, अंगही जात नव्हतं. आवाज फक्त लहान होत होता, आणि लहान होत होत एका ठिकाणी येऊन थांबत होता. तिथून पुढे तो कमीच होत नव्हता.

मग संपत कसा होता?

तिनं आवाज आणखी चढवला. तिसऱ्या दिवशीचा पहिला टेक. साडेपाच सेकंदांवर वहिनीची बाही खसकली, आणि त्याच क्षणी नाद बंद. दुसरा टेक. काकांचा आवंढा, नाद बंद. चौथ्या दिवशी नऊ सेकंदांवर दादाच्या बुटाचं चामडं करकरलं. बंद. बारा टेक तिनं तपासले आणि बाराही तसेच निघाले. नाद विझत नव्हता. कोणीतरी हललं की थांबत होता, चोरून बोलणाऱ्यानं पायरव ऐकून गप्प व्हावं तसा.

छोटीनं हेडफोन काढले. काचेपलीकडे हॉल रिकामा होता. तीन खुर्च्या, तीन स्टँड, ऊन. काहीही वावगं नव्हतं, आणि तरी तिला उठून काचेकडे पाठ करावीशी वाटेना.

आता यात घाबरण्यासारखं काय आहे, तिनं स्वतःला दटावलं. माइक आहेत, वायरी आहेत, कुठेतरी सूर अडकून फिरत असेल. माणूस हलला की वेगळा आवाज येतो, चक्र तुटतं, संपलं. तिनं हॉलमधल्या स्पीकरची वायर काढून पाहिली, माइक बदलले, जागा बदलल्या. दुपारी पुन्हा टेक झाला. शेपूट एकोणीस सेकंदांची भरली. विसाव्याला काका शिंकले.

४

"म्हणजे चूक आमची," दादा म्हणाला.

हे सगळं ऐकून माणूस दुसरं काहीही म्हणाला असता. हॉल बदलू म्हणाला असता, यंत्र बदलू म्हणाला असता, निदान चहा घेऊन विचार करू म्हणाला असता. पण हा माणूस तीस वर्षं एकाच शिस्तीत वाढलेला होता, आणि त्या शिस्तीत कुठलाही टेक बिघडला तर चूक वाजवणाऱ्याची.

"आम्ही हललो म्हणून नाद तुटला. तूच म्हणतेस ना, जिथे खरा संपतो तिथेच संपू दे? मग संपू दे की. आज कोणी हलायचं नाही."

"आणि संपलाच नाही तर?" वहिनीनं विचारलं.

"न संपणारा आवाज कधी ऐकलायस?"

"न संपणारा हट्ट ऐकलाय. रोज ऐकते."

"छोटी, तू बोल. नियम तुझा आहे."

छोटीनं तोंड उघडलं. नको म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण आतून दुसरंच काहीतरी बोकांडी बसलं होतं. तो आवाज कुठे संपतो ते तिलाही ऐकायचं होतं. जगातल्या कुठल्याही यंत्रात नसलेली शेपूट. खरी. "एकदा बघू," ती म्हणाली.

संथ तुकडा होता, तिघांचा. शेवटचा सूर वाजला, तिघेही दगड झाले आणि छोटी घड्याळाकडे बघत राहिली. दहा सेकंद झाले, वीस झाले. हेडफोनमध्ये नाद एका जागी आला आणि तिथेच उभा राहिला. चाळीस. काचेपलीकडे काकांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर लटकला. एक मिनिट. थेंब पडला, दुसरा आला. कोणी पापणी हलवली नाही. छोटीला कौतुक वाटलं. तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटणार होती ती याच कौतुकाची.

एक मिनिट चाळीस सेकंदांवर काकांच्या बोटांतून गज निसटला आणि जमिनीवर पडला. नाद बंद.

दादानं उसासा सोडला. वहिनीनं दोन्ही हात पट्ट्यांवरून ओढून घेतले, भाजल्यासारखे. काका मात्र तसेच बसले होते.

"काका? झालं की. उठा."

काकांनी खूप वेळानं मान वळवली. नेहमीची थट्टा त्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

"गज मी टाकला नाही," ते म्हणाले. "घामानं निसटला. टाकायचा तर पहिल्या वीस सेकंदांतच टाकायचा होता."

"म्हणजे?"

"पायात गोळा आला होता गं. हलायचं होतं मला. जीव खाऊन हलायचं होतं." त्यांनी आपला उजवा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. "हलू दिलं नाही."

५

काकांनी त्याच दुपारी गांबा पेटीत घातली. दादा दारात आडवा उभा होता.

"काका, दोन तुकडे राहिलेत. दोन. माझी परिस्थिती तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगतो. आवर आणि घरी जा."

"शिस्तीत बसलात, अंग आखडलं, एवढंच झालंय. वय झालं की—"

"वय झालंच आहे माझं. म्हणून तर फरक कळतो." काका वहिनीकडे वळले. "तू सांग पोरी. तुला हात उचलता येत होता?"

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं, मीच उचलत नाहीये," ती म्हणाली. "मला वाटलं, किती छान शिस्त पाळतेय मी."

काकांनी पेटी खांद्याला लावली आणि छोटीजवळ येऊन थांबले. "आणि तू गं, बाईसाहेब. नियम केलास, ठीक. पण नियम आपण करतो तोवर आपला असतो. दुसऱ्या कोणाला तो आवडला, की मग बघायला हवं." ते जिना उतरून गेले. पायऱ्या मोजल्यासारखे एकेक करून, आणि मुद्दाम पाय आपटत.

संध्याकाळी घरी दादानं जाहीर केलं की गांबाचे तुकडे रद्द, पण एक तुकडा त्याचा एकट्याचा आहे, त्याला कोणी लागत नाही. उद्या तो वाजवून सगळं आवरू.

"दुसऱ्या हॉलमध्ये," वहिनी म्हणाली.

"दुसरा हॉल कधी मिळणार? पुढच्या महिन्यात? तोवर हे असेल?" त्यानं डावा हात तिच्या तोंडासमोर धरला. करंगळी मेणबत्तीसारखी सरळ उभी होती. "तुम्हा दोघींना दहा बोटं आहेत. मला नऊ आहेत, आणि ती आठ होणार आहेत. तुम्हाला भीती वाटते तर दाराबाहेर बसा."

असं तो वहिनीशी कधी बोलला नव्हता. वहिनी ताटावरून उठली.

छोटी तिच्या मागोमाग गेली. दोघी मोरीपाशी उभ्या राहिल्या, नळ सोडून, म्हणजे आत ऐकू जाऊ नये.

"दहा सेकंद," छोटी म्हणाली. "शपथ. दहा सेकंद झाले की केबिनमधलं बटण दाबून स्पीकरवरून हाक मारते. अकरावा नाही."

"तुझं ऐकेल?"

"माझं नाही ऐकलं तरी आवाज तर तुटेल."

वहिनीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला तो ऐकायचाय," ती म्हणाली. "पुढे काय आहे ते. तुझ्या डोळ्यांत दिसतंय."

"काहीतरीच काय, वहिनी!"

नळ वाहत राहिला.

६

दुपारी दोन वाजता दादा हॉलच्या मधोमध एकटा उभा राहिला. केबिनमध्ये छोटी आणि तिच्या खांद्याशी वहिनी. छोटीचं बोट बोलायच्या बटणावर आधीच ठेवलेलं.

दादा वाजवायला लागला आणि छोटी क्षणभर सगळं विसरली. करंगळी वगळून त्यानं बोटांची नवीच वाट बसवली होती. लंगडणाऱ्यानं चालीतच ठेका शोधावा, तशी. तिला रडू आलं. आपण हे जपून ठेवतोय, तिला वाटलं. एवढ्यासाठी सगळं माफ.

शेवटचा सूर. दादानं गज तारेवरून उचलला आणि हवेत धरला.

एक. दोन. तीन. हेडफोनमध्ये नाद लहान होत गेला, आपल्या जागी आला आणि थांबला. पाच. सहा.

सातव्या सेकंदाला तिनं काहीतरी ऐकलं. फार बारीक. गजाचे केस तारेवर उलट फिरताना होतो तसा, सुरातला एक इवलासा खरखरीत सांधा.

गज उलटला होता. खाली जाणारा गज वर यायला लागला होता.

दादाचा गज हवेत होता. तारेपासून वीतभर लांब. तिला तो स्पष्ट दिसत होता.

नऊ.

"छोटी," वहिनी म्हणाली.

दहा. अकरा. पुन्हा तो सांधा. गज उलटला. म्हणजे हा उरलेला आवाज नव्हता. मागे राहिलेला, विझणारा, कुठे कोपऱ्यात घुटमळणारा आवाज नव्हताच हा. हे कोणीतरी वाजवत होतं. पहिल्यापासून वाजवत होतं. आणि बाकीच्यांनी तोवर बसून राहावं अशी त्याची अपेक्षा होती.

"छोटी, बटण!"

आता सूर हलला. एका जागी उभा असलेला तो सूर वरच्या सुराला जाऊन टेकला, परत आला, पुन्हा टेकला, आणि मग दोन्हींच्या मध्ये थरथर सुरू झाली. भराभर, गोल, सुटे मणी ओघळावेत तशी. छोटीनं ती ट्रिल ओळखली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरात दररोज सकाळी ती वाजत असे. अशी ट्रिल जगात एकाच माणसाच्या करंगळीतून येत असे.

तिचं बोट बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही. धक्का, भीती, काही नव्हतं. तिला फक्त ऐकायचं होतं.

वहिनीनं तिचा हात बाजूला फेकला आणि बटणावर मूठ हाणली. "अरे, झालं! थांब! ऐकतोयस ना? थांब!"

हॉलमधला स्पीकर ओरडला असणारच. पण माइकमधला आवाज मोजणारा काटा त्यानं जराही उसळला नाही. जणू त्या हॉलमध्ये कोणी ओरडलंच नव्हतं. दादा जागच्या जागी होता, गज उचललेला, डावा हात व्हायोलिनच्या मानेवर. फक्त डोळे इकडे वळलेले. त्यांत काय होतं ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

घड्याळात चार मिनिटं झाली होती. चार कशी झाली, छोटीला कळेना.

वहिनी धावली. दार उघडल्याचं छोटीनं काचेतून पाहिलं. वहिनी आत शिरली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्यासाठी टाच उचलली आणि थांबली. टाच उचललेलीच. ओढणी मागे उडालेली होती, ती सावकाश खाली आली आणि लोंबकळत राहिली. हेडफोनमध्ये एका सुराचे दोन झाले. खाली, अगदी हळू, हार्पसिकॉर्डची एक तार छेडली गेली. झाकण बंद असलेल्या हार्पसिकॉर्डची.

माइकच्या स्टँडचा एक जादा लोखंडी पाया केबिनमध्ये पडलेला होता. छोटीनं तो दोन्ही हातांनी उचलला. तेवढ्यातही तिचा एक हात आधी हेडफोनकडे गेला, ते डोक्यावरून पडू नयेत म्हणून. स्वतःचाच तिला असा राग आला की त्या रागानंच तिनं पाया भिरकावला.

काच फुटली.

७

आवाज तुटला, वहिनी गुडघ्यांवर कोसळली आणि दादाच्या हातातून व्हायोलिन सुटून जमिनीवर आपटलं. व्हायोलिनची मान तुटली असेल, पण कोणी पाहायला थांबलं नाही. दोघींनी दादाला दोन्ही दंडांना धरून दाराबाहेर काढलं. तो विरोध करत नव्हता आणि मदतही करत नव्हता. झोपेतल्या मुलाला न्यावं तसं त्याला जिन्यापर्यंत आणलं, अर्धा जिना उतरवला.

तिथे तो थांबला.

"का फोडलीस?" त्यानं विचारलं.

त्याचा आवाज ठीक होता. अगदी शुद्धीवरचा. छोटीला वाटलं, सुटलो. "दादा, तू अडकला होतास. काकांसारखा. हलता येत नव्हतं तुला—"

"येत होतं."

वहिनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला येत होतं हलता," तो म्हणाला. "केव्हाही. मी हललो नाही. तू ऐकलंस ना, छोटी? हेडफोन होते तुझ्याकडे. खोटं बोलू नकोस. ऐकलंस?"

"ऐकलं."

"करंगळी होती की नाही?"

"होती. पण ते तू वाजवत नव्हतास. तुझा गज हवेत होता दादा, मी पाहिलंय, तुझी बोटं हलतसुद्धा नव्हती—"

"मग कोणाचं बोट होतं ते?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. इतक्या द्वेषानं तिच्या भावानं तिच्याकडे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. "दोन वर्षं शोधतोय मी त्याला. सापडलं होतं. आणि तू काच फोडलीस."

"घरी चल," वहिनी म्हणाली. "घरी चल, मग भांड. हवं तेवढं भांड, मार मला. फक्त खाली चल."

तिनं त्याचा डावा हात धरला आणि धरल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. तिनं खाली पाहिलं. छोटीनंही पाहिलं.

करंगळी हलत होती. बाकीची बोटं सैल लोंबत होती, आणि ती एकटी हवेत, खाली-वर, खाली-वर, भराभर, सफाईनं, न चुकता. दादा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

वहिनीनं ती मुठीत घट्ट आवळली. दुसरा हातही वरून दाबला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. मुठीच्या आत ती थरथर चालूच होती. छोटीला ती वहिनीच्या मनगटावर दिसत होती.

आणि मग वरून आवाज आला. या वेळी हेडफोन नव्हते. दार सताड उघडं होतं, काच फुटलेली होती, व्हायोलिन जमिनीवर मोडून पडलेलं होतं, आणि वरच्या हॉलमधून ती ट्रिल खाली येत होती. उघड्या कानांनी ऐकू येणारी. वहिनीच्या मुठीशी अगदी बरोबर मिळालेली. एक थरथरही मागे नाही, पुढे नाही.

दादानं हात सोडवून घेतला नाही. वहिनीला तसंच धरून, तिलाही घेऊन, तो एक पायरी वर चढला.

"छोटी, ओढ त्याला!" वहिनी किंचाळली. "अगं, ओढ ना!"

छोटीनं दादाचा कोट मागून दोन्ही हातांनी पकडला होता. घट्ट पकडला होता, याबद्दल तिला खात्री होती. ती पूर्ण ताकद लावते आहे, असंच तिला वाटत होतं. मग तिनं पायांकडे पाहिलं. दादा दुसरी पायरी चढत होता, आणि तिचे पाय पहिलीवर होते.

ती त्याला ओढत नव्हती. दुखू नये, अडखळू नये, वर चढताना तोल जाऊ नये म्हणून मागून आधार द्यावा, तसं तिनं त्याला धरलं होतं.